नकाशावरचं वळण

गेल्या जानेवारीत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात बर्फावरून गाडी घसरली आणि रुपालीचा एकुलता मुलगा वीर गेला. या जानेवारीत तिथवर एकटीनंच गाडीनं जायचं तिनं ठरवलं. फ्रिस्को गावातल्या घरी नकाशा पसरून ती मुक्काम आखत होती. पोलिसांनी सांगितलेल्या वळणावर तिनं पेन्सिलनं खूण केली. "तिथं काय आहे बघायला?" नवऱ्यानं, अतुलनं विचारलं. "त्यानं शेवटचं जे पाहिलं ते." "मग मीही येतो. ड्राइव्ह मी करतो." "नको. तू असलास की मला रडता येत नाही. वर्षभर मी बाथरूमचा नळ सोडून रडतेय." अतुल टायरमधली हवा बघतो म्हणून गॅरेजमध्ये गेला. बराच वेळ हवेच्या पंपाची घरघर थांबेना. रुपाली दारापाशी गेली, तर त्या घरघरीआड त्याचे हुंदके ऐकू आले. तिनं आत जाऊन पंप बंद केला.