लोसालिनेच्या अकरा ओळी

लोसालिने पाचव्या ओळीवर थांबली, तेव्हा चर्चमधल्या निम्म्या बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. मे महिन्यातला मुलांचा रविवार. टोंगा बेटांवर त्या दिवशी पोरांनी पांढरे कपडे घालून पुढे यायचं, पाठ केलेलं म्हणायचं आणि मोठ्यांनी रडायचं, ही रीतच. पण ही नऊ वर्षांची पोर एकेक शब्द असा तोलून म्हणत होती, की पाद्रीबुवांनीही मान डोलावली.

तिसऱ्या बाकावर बसलेल्या तिच्या आईच्या, सेईनीच्या, डोळ्यांत पाणी नव्हतं. ती पोरीच्या छातीकडे बघत होती.

तीन दिवस पोरीचं नाक वाहत होतं. रात्री खोकला. काल छातीत बारीक शिट्टीही वाजली होती. सकाळी सेईनीने भीत भीत म्हणून पाहिलं, की गेल्या वर्षी दमाही असाच सर्दीतून उपटला होता, आज तिला घरीच ठेवू या. पण तिथे भावाच्या लेकरांवर पहिला हक्क आत्याचा, आईचा नंतर. फातई आत्याने पोरीच्या छातीला खोबरेल चोळता चोळता निकाल देऊन टाकला. मे लागून गार वारा सुटला की सगळ्या बेटाची नाकं गळतात, उगाच दमा दमा करू नये. तेही खोटं नव्हतं. आताही पुढच्या बाकांवरची सगळीच पोरं बाहीला नाक पुसत होती. घरून निघताना आत्याने नव्या फ्रॉकवर, कमरेला गुंडाळायची मानाची विणलेली चटई स्वतःच्या हाताने करकचून बांधली, पोर चारचौघांत ताठ दिसावी म्हणून.

"देवा, तुझ्या..." लोसालिने म्हणाली आणि थांबली. "अंगणात आम्ही..."

विसरली वाटतं, असं कुणीतरी कुजबुजलं. मागून एकीने पुढचा शब्द पुरवला, मग दुसरीने. पहिल्या बाकावरून आत्या तर अख्खी ओळच सांगायला लागली. पोरीने मान हलवली. शब्द तिला नकोच होते. दर दोन शब्दांआधी तिचे दोन्ही खांदे वर उचलले जात होते.

गेल्या वर्षी दवाखान्यातली नर्स बजावून गेली होती, की नाक किती गळतं ते बघू नका, एका दमात वाक्य पुरं होतं का ते बघा. सेईनी उठली. सगळं चर्च बघत होतं. पहिल्या बाकाशी आत्याने तिचा हात धरला.

"बस खाली. सहाच तर ओळी उरल्यात. आठवेल तिला."

"तिला सगळं आठवतंय, वन्सं. श्वास पुरत नाहीये."

आयुष्यात पहिल्यांदा तिने नणंदेचा हात झटकला आणि पोरीला उचललं.

नवऱ्याने गाडी भरधाव सोडली, पण दवाखाना बेटाच्या दुसऱ्या टोकाला. दम्याचा फवारा नाताळातच संपला होता. पोर बरी होती, म्हणून नवा कुणी आणलाच नव्हता. सेईनीने मांडीवरच्या पोरीची चटई सोडली, फ्रॉकची बटणं काढली. दर श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. शेजारी आत्या बसली होती. ती धावत येऊन गाडीत कधी चढली, ते कुणाला कळलंच नव्हतं. तिचा चेहरा पार उतरला होता. मला वाटलं सर्दीच आहे, एवढंच ती पुन्हा पुन्हा पुटपुटत होती.

लोसालिने तिच्याकडे टक लावून बघत होती. आपण चुकलो म्हणून आत्या रागावली, असं तिला वाटलं असावं.

"मला..." ती म्हणाली. "सगळं... येतं... आत्या."

आत्याने तिला जवळ घेतलं, आणि किती छान म्हटलंस म्हणून पाठीवरून हात फिरवू लागली. सेईनीने डोळे मिटून घेतले. चर्चमध्ये पोर एका श्वासात दोन शब्द म्हणत होती; आता एकच.