बर्फावरचं पातेलं

ओकोने उकळत्या पाण्याचं पातेलं तळ्यावरच्या बर्फावर ठेवलं आणि बाजूला गुडघे टेकले. हातोडा मारून चालत नाही. तळाशी झोपलेल्या कासवाला हादरा बसतो. पातेलंच हळूहळू बर्फात रुतायला हवं. काल हवेसाठी भोक पडायला अर्धा तास लागला होता. आज पाऊण तास झाला तरी पत्ता नाही. उणे चौदा अंश.

"काय ओको, कासवाचं सूप कधी तयार होतंय?" कुंपणापलीकडून शेजारी त्यार्क ओरडला.

"तळं एक मीटर खोल आहे," ओको म्हणाला.

हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. पण तीन वर्षं त्याच्या तोंडात तेच बसलं होतं. बेर्टा त्याच्या मुलीचं, इम्केचं कासव. इम्के सात वर्षांची असल्यापासून तळघरातल्या काचेच्या टाकीत वाढलेलं. तीन वर्षांपूर्वी ओकोने बागेत तळं खणलं आणि बेर्टाला उचलून त्यात सोडलं. प्राण्याने प्राण्यासारखं राहावं, असं त्याचं म्हणणं. इम्केने एवढंच विचारलं होतं, "खोल किती? थंडीत तळापर्यंत गोठलं तर मरेल ती."

"एक मीटर. बापावर विश्वास नाही?"

नव्हता. आठवड्याभरात ती ब्रेमेनला निघून गेली. त्यानंतर ओकोला तिचा एक फोन नाही. यंदा नाताळात मात्र कार्ड आलं: ईस्टरला येतेय, बेर्टाला भेटायला. बापाला भेटायला, असं काही त्यात नव्हतं. ओकोने कार्ड उलटूनही पाहिलं.

आणि तळं सत्तर सेंटिमीटर होतं. सत्तरला निळी चिकणमाती लागली, कंबर धरली, आणि ओकोने फावडं ठेवून दिलं. गेले दोन हिवाळे मवाळ गेले. मार्च आला की बेर्टा ओंडक्यावर ऊन खात बसलेली दिसायची, आणि सत्तरचा मीटर होऊन जायचा.

तो घरात आला. अशा वेळी एखादी बिअर हवी होती. पण डॉक्टरांनी ती बंद केल्यापासून तळघरातल्या फ्रिजला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्या बायकोच्या, गेशेच्या ऍप्रनच्या खिशात. गेशेने खडीसाखरेवर चहा ओतला. खडे तडकले.

"गेशे, तळं मीटरभर नाहीये. सत्तर आहे."

"मला कशाला सांगतोस? कासव माझं आहे का?" तिने फोन त्याच्यापुढे सरकवला.

"अगं, सात वाजलेत सकाळचे!"

"बर्फ थांबणार आहे का आठ वाजेपर्यंत?"

ओकोने नंबर लावला. गेशेने स्पीकर चालू केला. इम्केचा झोपाळू आवाज आला, आणि त्याला नमस्कार-चमत्कार काही सुचलं नाही.

"सत्तर," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. बेर्टा बहुतेक गेली असेल, पोरी. तू ईस्टरला... ये. तिच्यासाठी नाही, तरी ये."

गेशे चहात बघत राहिली.

"अडुसष्ट," इम्के म्हणाली. "निघायच्या आदल्या दिवशी मी पडद्याच्या दांडीने मोजलं होतं. तीन वर्षं वाट बघतेय, तू कधी सांगतोस त्याची." तिने नाक ओढलं. "आई, ऐकतेयस ना? बिअरच्या फ्रिजची किल्ली दे आता त्याला. आणि बाबा, दार हळू उघड. तिथे गोठत नाही म्हणून आई दर हिवाळ्यात ठेवते, तशी यंदाही बेर्टा भाज्यांच्या खणात झोपलीय."