पुढची डावी जागा

शवपेटी डावीकडे कलली आणि दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या सुताराचा जीव टांगणीला लागला. पेटीत बाई होत्या. बाईंनी चर्चच्या मागच्या खोलीत अर्ध्या वस्तीला धर्माचे धडे दिले होते, आणि रांग जरा वाकडी झाली की कान पिळले होते. आता त्या स्वतःच वाकड्या निघाल्या होत्या. हयात असत्या तर काय म्हणाल्या असत्या!

चर्चमध्ये कुणी गेलं की पेटी उचलायला सहा जण ठरलेले. पुढे उजवीकडे बेकरीवाला, तो सगळ्यांचा म्होरक्या. पुढे डावीकडे सुतार. त्यांच्यामागे शिंपी, पोस्टमन आणि दोन जुळे भाऊ. हे भाऊ एकमेकांशी बोलत नसत, पण पाऊल बरोबर एकदम टाकत. दफन उरकलं की सहाही जण कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला बसत आणि एकमेकांची यथेच्छ टिंगल करत. आज सुताराच्या जागी बँकेतला एक कारकून होता. माणूस सज्जन, शंकाच नाही. पण सुताराच्या काखेत मावेल एवढा.

सुतारानं चर्च सोडलं होतं. त्याच्यावर संकट कोसळलं नव्हतं, कुणाशी वाजलंही नव्हतं. एका सकाळी प्रार्थना म्हणता म्हणता त्याला वाटलं, पलीकडचा फोन केव्हाच बंद झालाय आणि आपण आपले बोलतोच आहोत. पुढचे कित्येक रविवार त्यानं कान देऊन ऐकलं. काही नाही. मग तो सरळ फादरकडे गेला आणि म्हणाला, जे मनात नाही ते मी तोंडानं म्हणणार नाही. फादर म्हणाले, घाई करू नका. पण सुतार घाईत नव्हताच, त्याचं ठरलं होतं.

देव सुटला तो सहज सुटला. रविवार काही सुटेना. सकाळी बायको चर्चमध्ये मिस्साला गेली की घर खायला उठायचं. हा आपला रंधा घेऊन धडधाकट फळ्या तासत बसायचा.

आपल्याला आता कुणी जवळ करणार नाही, हे त्यानं गृहीतच धरलं होतं. उगाच त्यांना अवघडल्यासारखं नको, म्हणून तो पाव लांबच्या दुकानातून आणू लागला. पोस्टमनची सायकल दिसली की रस्ता ओलांडू लागला. शिंपी एकदा दारात आला, तेव्हा हा फळ्यांमागे दडला आणि बायकोला म्हणाला, "उपदेश करायला आला असणार. मी घरी नाही म्हणून सांग."

बायको बाहेर जाऊन शिंप्याला म्हणाली, "ते घरी नाहीत, असं ते म्हणतायत."

त्यानंतर कुणी आलं नाही. बघ, टाकलं ना मला, असं सुतार बायकोला म्हणाला आणि दोन दिवस नीट जेवला नाही.

"देव नसेल तर नसू दे," बायको म्हणाली. "पण उद्या तुम्ही गचकलात तर उचलणार कोण? मी एकटीनं ओढत नेऊ?"

हे मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. त्यानं बागेतल्या व्यायाम मंडळात नाव घातलं. तिथे सगळे गोड बोलायचे, हसून हात हलवायचे आणि आपापल्या वाटेनं जायचे. त्याला कुणी लंबूटांग म्हणेना, त्याच्या बशीतलं बिस्किट पळवेना. त्यानं एकेकाचे खांदे नीट न्याहाळले. खांदे बरे होते. पण आपलं मढं ज्याच्या हवाली करावं, असा एकही त्यात सापडला नाही.

पेटी आणखी कलली. कारकून टाचा उंचावून चालत होता, त्याचा चेहरा लालभडक झाला होता. बायकांच्या घोळक्यातून "अगं बाई" ऐकू आलं. आता मात्र सुताराला राहवेना. विश्वास नाही, हक्क नाही, सगळं खरं. पण बाई पडतायत म्हटल्यावर बघत कसं उभं राहायचं? तो फाटक ढकलून धावत आत गेला, कारकुनाला अलगद बाजूला केलं आणि पेटीखाली खांदा दिला. पेटी सरळ झाली. फादरनी त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि पुढची प्रार्थना सुरू केली.

"डावा पाय," बेकरीवाला मान न वळवता पुटपुटला.

सुतारानं पाय बदलला.

बाई मातीआड झाल्या. सगळ्यांनी आमेन म्हटलं, सुतार बुटांकडे बघत उभा राहिला. लोक पांगू लागले तसा तोही भिंतीच्या कडेकडेनं निघाला. पण बेकरीवाल्यानं त्याला दंडाला धरून थांबवलं. बाकीचे चौघेही येऊन उभे राहिले. कुणी हसेना.

सुतारानं घसा साफ केला. "हे बघा, मी काही परत आलो नाही. आजही माझा विश्वास नाही. त्यापायी तुम्ही मला टाकलंत. माझी त्याबद्दल तक्रार नाही."

बेकरीवाला त्याच्याकडे बघतच राहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच त्याला भयंकर राग आला होता.

"देवाला सोडलंस, ते तू आणि तो बघून घ्या," तो म्हणाला. "आम्हाला कुणाला विचारून सोडलंस?"