नमुन्याचा नंबर

“घाबरू नको, बाळा. सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं,” फिलोमिना फोनवर सांगत होती. “संपर्क नावाची फाइल उघड. खालून तिसऱ्या ओळीत माझा नंबर दिसेल. तो पूस आणि तुझा घाल.”

मेलरॉय हातात हेल्मेट घेऊन दारातच थांबला. त्याची आई, वय अडुसष्ट, शिक्षण सातवी, पुढ्यात वालाच्या शेंगांची परात आणि तोंडी फाइल. ज्या भीतीने तो विरारहून भुईगावला धावत आला होता, ती खरी निघाली होती.

मेलरॉयने आणि त्याच्या दोन मित्रांनी मराठीतून वेबसाइट बनवण्यासाठी एक फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामचा तयार सांगाडा, लिहिलं होतं. होतं चांगलं, पण त्यात सुरुवात करणं म्हणजे दिव्य. आधी अठरा गोष्टी बसवा, मग बारा प्रश्नांची उत्तरं द्या. बिचारे नवशिके पहिल्याच दिवशी हात टेकायचे. म्हणून जानेवारीत मेलरॉयने तो सगळा व्याप स्वतःच्या अंगावर घेतला. आता एक ओळ टाइप केली की नमुन्याची अख्खी वेबसाइट उभी राहायची. मुखपृष्ठ, फोटो, संपर्काचं पान, सगळं तयार. आपलं नाव-गाव घाला आणि लागा कामाला. लोक खूश झाले, मेलरॉयची पाठ थोपटली गेली.

आणि आज सकाळी फ्रेमवर्कच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘नमुन्यातल्या नंबरवरच्या मावशींचे आभार. त्यांनी धीर दिला म्हणून माझी साइट झाली.’ मेलरॉयने लगेच नमुना उघडला. संपर्काच्या पानावर आईचा मोबाइल नंबर होता. चाचणी करताना त्यानेच टाकलेला, काढायचा राहून गेलेला. दीड महिना तो गावोगाव जात होता.

“आला गं बाई माझा पोर! नाताळला गेलास तो आज उगवलास.” फिलोमिनाने फोन ठेवला आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. मग तिने कपाटाच्या खणातून एक घडी केलेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. “ही आठवनीनं ने. मागच्या वेळी द्यायची राहिली.”

“नेतो,” तो न बघताच म्हणाला आणि हेल्मेट त्या चिठ्ठीवरच ठेवून त्याने लॅपटॉप उघडला. “मम्मी, हे फोन कधीपासून येतायत?”

“झाला महिना दीड महिना. पहिल्यांदा एक बाई दोन किलो लिंबाचं लोनचं मागायला लागली. मी म्हटलं, आमच्याकडं केळी हायेत, लोनचं नाय. मग जिच्या साइटवर माझा नंबर राहिलेला, ती लोनचेवाली मुलगीच माफी मागायला फोनवर. इचलकरंजीची. नंबर कुठं बदलायचा ते तिनं शोधलं आनि मला लिहून घ्यायला लावलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते.”

भिंतीवर पॅरिशचं, गावच्या चर्चचं, कॅलेंडर होतं. तारखांच्या चौकटींत तिच्या गिचमिड अक्षरात नावं होती. लातूरचा शिंपी. परभणीची शिकवणीवाली. ‘नांदेड, पोरगी रडत होती, मग हसली.’ तीन-तीन, चार-चार नावं. मेलरॉयला हसू आलं आणि लाजही वाटली. अठरा गोष्टी त्याने एका ओळीत आणल्या होत्या, पण धीर देण्याचं काम आई करत होती.

तरी नंबर काढायलाच हवा होता. उद्या एखाद्या भामट्याने फोन केला तर? त्याने खालून तिसऱ्या ओळीतले दहा आकडे पुसले, तिथे दहा शून्यं टाकली आणि नवा नमुना पाठवून दिला.

“झालं. आता नव्या माणसांना तुझा नंबर दिसणार नाही.”

“म्हंजे फोन येनार नाय?”

“जुने चार-दोन येतील. मग बंद.”

फिलोमिना शेंगा सोलत राहिली. एक दाणा परातीबाहेर गेला, तो तिने उचलला नाही.

“राहू द्यायचा होतास रे,” ती म्हणाली. “तुझे पप्पा गेल्यापासून ह्या घरात माझ्याशी बोलत कोन होतं? दिवसभर नुसती मी आनि माझा रेडिओ. ती पोरं आय, मावशी म्हनायची. बरं वाटायचं.”

विरारहून भुईगाव अर्ध्या तासावर होतं. तो लॅपटॉप बंद करायला लागला.

“पन मला सांग,” तिने विचारलं, “एवढ्या दुनियेत तू माझाच नंबर का घातलास?”

“मुद्दाम नाही घातला, मम्मी. पान नीट दिसतंय का बघायला कुठला तरी नंबर टाकायचा होता. बोटांनी आपोआप तुझा टाकला. मला तेवढाच पाठ आहे. माझा स्वतःचा सांगतानाही मी अडखळतो. तुझा झोपेतून उठवून विचारलास तरी सांगेन.”

फिलोमिनाचे हात थांबले.

“पाठ हाय?”

“दहाच्या दहा आकडे.”

तिचा चेहरा एकदम उजळला. डोळे भरून आले ते तिने मनगटाने पुसले. मग तिने हेल्मेट उचललं, खालची चिठ्ठी घेतली आणि उलगडून परत एकदा नीट बघितली. लांबून वाचता येतील एवढ्या मोठ्या आकड्यांत तिथे तिचाच नंबर लिहिलेला होता.

“मंग ही नको तुला,” ती म्हणाली. “मला आपलं वाटत होतं, तुझ्याकडचा नंबर हरवलाय.”