दोन पायऱ्या जड

"आता दोन पायऱ्या जड झालंय," मास्तर म्हणाले, आणि शेवटच्या नारिंगी शंकूला वळसा घालून त्यांनी गाडी उभी केली. "रस्ता हाताशी बोलतोय आता. हेच ठेव."

शेजारी इंजिनीअर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती.

या विजेच्या गाडीचं स्टिअरिंग हाताला किती जड लागावं हे एक मोटर ठरवते, आणि मोटरला ते लॅपटॉपवरचा आकडा सांगतो. बाणाचं बटण एकदा दाबलं की एक पायरी जड किंवा हलकं. पण कोणता आकडा बरा, हे लॅपटॉपला कळत नाही. त्यासाठी मास्तरांचे हात. चाचणीच्या या मैदानावर त्यांची एकतीस वर्षं गेली होती. रीत अशी, की इंजिनीअरने काय बदललं ते सांगायचं नाही आणि मास्तरांनी नुसतं चालवून ओळखायचं. या गाडीवर ते एकदाही चुकले नव्हते. मास्तरांच्या तळहाताला डोळे आहेत, असं कारखान्यात म्हणत. लोकांचं काय जातंय म्हणायला.

आज शेवटचा दिवस होता. मास्तरांनी सही केली की आकडा पक्का, आणि मग तोच आकडा बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीत. म्हाताऱ्या खांद्याला ते स्टिअरिंग वळवता आलं पाहिजे, आणि भरधाव जाताना चालवणाऱ्याला शिंक आली तर गाडी शेजारच्या ट्रकखाली जाता कामा नये. एवढं सगळं त्या एका सहीवर होतं.

इंजिनीअर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या बारीक लाल ओळीकडे पाहत होती. 'जोडणी नाही.' तिने लॅपटॉपपासून गाडीत जाणारी वायर हलकेच ओढली. टोक अलगद हातात आलं. सकाळी घाईघाईत तिने ते नुसतं टेकवलं होतं, आत बसवलंच नव्हतं.

सकाळपासून तिने सोळा वेळा आकडा बदलला होता. त्यातला एकही गाडीपर्यंत पोचला नव्हता. आणि मास्तरांनी सोळाही वेळा बरोबर उत्तर दिलं होतं.

तिला आधी स्वतःचाच राग आला. वायर तपासायला पहिल्याच दिवशी शिकवतात, आणि तिला ते मास्तरांनीच शिकवलं होतं. मग राग ओसरला आणि नुसतं वाईट वाटत राहिलं. गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. तिची चूकही झाकली गेली असती आणि मास्तरांचंही झाकलेलं राहिलं असतं. तिने टोक खोबणीत दाबलं. खट्ट आवाज झाला.

"निघाली होती?" मास्तरांनी समोर पाहतच विचारलं.

"हो."

"केव्हापासून?"

"सकाळपासून, मास्तर. लागलीच नव्हती."

मास्तरांनी स्टिअरिंगवरचे हात काढून गुडघ्यांवर ठेवले.

"बटणाचे आवाज मोजायचो," ते म्हणाले. "एक आवाज, एक पायरी. वरचा बाण कोरडा वाजतो, खालचा जरा बसका. पेट्रोलच्या गाडीत नसतं जमलं. हिच्यात चोरी सोपी आहे बघ, इंजिनच नाही."

ती हसली नाही.

"साखरेने तळवे बधिर झालेत. चार महिने झाले असतील. घरी फक्त बायकोला माहीत आहे. चुलीवरून उतरवलेलं पातेलं हातात धरून मी तिच्याशी गप्पा मारत उभा होतो. ती ओरडली तेव्हा कळलं."

"मला सांगायचं होतंत."

"काय सांगू? जन्मभर या दोन हातांवर खाल्लं. त्यांना कळत नाही म्हटल्यावर मी कोण?"

"आणि मागची गाडी?"

"तिचं खरं होतं. ती गेल्या वर्षीची. लबाडी एवढी एकच."

"मी या आकड्यावर तुमची सही घेऊ शकत नाही, मास्तर."

"घेऊच नकोस," ते म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले, की चार महिने ते याच वाक्याची वाट पाहत असावेत असं तिला वाटलं.

ते खाली उतरले, गाडीला वळसा घालून तिच्या दाराशी आले. "ऊठ. तू चालव."

"माझे हात कुठे तुमच्यासारखे?"

"नकोच माझ्यासारखे. कळतंय ना त्यांना? झालं तर."

ती चालकाच्या सीटवर बसली. मास्तरांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, चष्मा नाकावर चढवला, वाकून वायर पाहिली आणि बटणं दाबायला सुरुवात केली. पहिल्या दोन फेऱ्यांत तिला काहीच कळेना. तिसऱ्या फेरीत एका वळणावर तिने ओठ मुडपले.

"जड झालंय. खांद्यात भरतंय." ती थांबली. पुढचा शंकू गेला. "तीन पायऱ्या. तीनच."

मास्तरांनी स्क्रीन पाहिला. तीनच होत्या. "आवाज किती आले?"

"कसले?"

"बटणाचे."

"माझं लक्षच नव्हतं."

समोर ठेवलेला सहीचा कागद मास्तरांनी तिच्याकडे सरकवला.

"मग सही तुझी. घे, पहिल्यापासून करू. बटणं मी दाबतो."

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पुढे केलं. पण त्याआधी ते बोटांत आहे ना, हे त्यांनी खाली वाकून पाहून घेतलं.