भिंतीतली करंगळी

माझ्या जावयाला, अर्गिरिसला, ना देव कळतो ना माणूस. ईस्टरला घर पांढरं करायचं म्हणून त्यानं ऑलिव्हच्या बागेतल्या जुन्या संगमरवरी बाईचा हात घणानं तोडला आणि भट्टीत भाजून त्याचा चुना केला.

ती देवी होती की कुणाची लेक, आम्हाला ठाऊक नाही. पण हात काय घडवला होता! करंगळी जराशी वाकडी, आत्ताच कुणीतरी सोडल्यासारखी.

घर पांढरंशुभ्र झालं. दुसऱ्याच दिवशी नातीच्या पाळण्यामागच्या भिंतीला पाच फुगवटे आले.

"ओल आलीय, आई," म्हणत अर्गिरिसनं ते खरवडून काढले.

सकाळी ते पुन्हा आले, जास्तच उठून. शेवटचा वाकडा होता. मी हात लावून पाहिला. भिंत कोमट लागली.

आज तो घण घेऊनच आला. "बाजूला व्हा, आई. दगडच आहे तो."

मी पाळण्याकडे पाहिलं. नात भिंतीकडे तोंड करून हसत होती. वाकडी करंगळी तिच्या मुठीत होती.

मी अर्गिरिस आणि पाळण्याच्या मध्ये उभी राहिले.

"घण खाली ठेव, जावईबापू. पोरीनं बोट धरलंय. आता या घरातून कुणी जायचं असेल, तर ते तू."