पहिला घोट

आफ्रिकेतल्या एस्वातिनी देशातल्या त्या खेड्यात पर्यटक गावकऱ्यांच्या घरीच उतरायचे. घरमालकीण आजींनी मारुलाच्या फळांचं आंबवलेलं पेय वाडग्यात ओतलं, एक घोट घेतला आणि वाडगा पुण्याच्या हेमांगीपुढे धरला.

उष्टं! हेमांगीने हसून वाडगा घेतला आणि आजींची पाठ वळताच सगळं जमिनीवर ओतलं.

ओली माती पाहून आजी टाळ्या वाजवत काहीतरी बोलल्या.

"म्हणतायत, हिने आधी आमच्या पितरांना पाजलं," हेमांगीसोबत आलेला गावातला वाटाड्या म्हणाला.

नजर चुकवत हेमांगीने विचारलं, "पण त्या आधी का प्यायल्या?"

"यात विष नाही, हे परक्या माणसाला कळावं म्हणून."

हेमांगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजींनी वाडगा पुन्हा भरला आणि घोट न घेताच पुढे केला.

"आता तुम्ही घरच्याच," वाटाड्या हसला.

वाडगा उष्टा नव्हता. तरी हेमांगीला तो तोंडाला लाववेना.